फॉर्मला मराठी आकडे का कळत नाहीत?

आजचा भाग वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी. ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांनी हे वाचा. एपिसोडमध्ये कोड बोलूनच सांगितला होता, इथेही तसाच ठेवलाय. टाइप करताना तेवढा इंग्रजीत करा.

समजा, परभणीतल्या एका क्लासने प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म ठेवलाय. शहरातलीच एक मुलगी तो मोबाइलवर भरतेय. कीबोर्ड मराठी, म्हणून पिनकोड उमटला ४३१४०१. फॉर्म म्हणतो, ‘पिनकोड चुकीचा आहे.’ ती तपासते, पुन्हा तेच टाकते, पुन्हा तेच उत्तर. पिनकोड तर बरोबरच आहे, मग ती दुरुस्त काय करणार? आज शेवटची तारीख असेल तर संपलंच.

घोळ कुठे होतो ते बघा. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, मराठी शून्याचा २४०६. आपल्याला दोन्ही गोलच दिसतात, जावास्क्रिप्टला मात्र ती वेगळी चिन्हं. तिथे रेजेक्समधला बॅकस्लॅश डी फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मराठी अंक ‘नंबर’ फंक्शनला दिले तर उत्तर येतं नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’.

पायथॉनचं उलटं आहे. त्याच्या ‘इंट’ला मराठी अंक चालतात, बॅकस्लॅश डीलाही चालतात. ऐकायला छान वाटतं, पण खरी गोची तिथेच! तपासणीत पास झालेला मोबाइल नंबर मजकूर म्हणून तसाच डेटाबेसमध्ये जातो. उद्या त्याच मुलीने इंग्रजी अंकांत नंबर टाकला, की सिस्टिमला ती दुसरीच कुणीतरी वाटते.

म्हणून तपासण्याआधी अंक बदलून घ्या. एका ओळीचं काम आहे. आलेल्या मजकुराला डॉट रिप्लेस लावा. रेजेक्समध्ये चौकोनी कंसात मराठी शून्य, डॅश, मराठी नऊ, आणि शेवटी जी हा फ्लॅग. बदली म्हणून ॲरो फंक्शन द्या: अंकाचा डॉट चारकोडॲट शून्य, वजा २४०६. झालं. हेच सर्व्हरवरही करा, फक्त ब्राउझरच्या भरवशावर राहू नका.

मोबाइल नंबरच्या रकान्याला टाइप ‘टेल’ द्या, पिनकोडला इनपुटमोड ‘न्यूमेरिक’. फोनवर थेट अंकांचा कीपॅड उघडतो. टाइप ‘नंबर’ इथे नको. पिनकोडची कुणी बेरीज करत नाही.

आता याची उलटी बाजू. फी मराठीत दाखवायला टूलोकेलस्ट्रिंगमध्ये ‘एमआर-आयएन’ दिलं, की १२५०० चे १२,५०० होतात, तेही मराठी अंकांत. दिसायला झकास! पण स्क्रीनवरचा तोच मजकूर उचलून हिशेब करायला गेलात की परत नॅन. मूळ रक्कम व्हेरिएबलमध्ये राहू द्या, स्क्रीनवरचं फक्त बघायला.

नावाच्या रकान्यात तर याहून वाईट प्रकार. ए ते झेड एवढंच चालेल असा नियम कुणीतरी कुठूनतरी कॉपी करतं आणि मराठीत लिहिलेलं प्रत्येक नाव बाद होतं. थोडे जाणकार बॅकस्लॅश पी, महिरपी कंसात एल असं लिहितात. तरी ‘जिंतूरकर’ अडकतंच, कारण वेलांटी, अनुस्वार, उकार ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, ‘मार्क’ आहेत. त्यांच्यासाठी शेजारी तसंच एम जोडायचं आणि यू फ्लॅग लावायचा. माझं विचाराल तर नावाला असा नियमच लावू नका. रकाना रिकामा नाही ना, एवढं बघा.

आणि लांबीची मर्यादा घालताना हात सैल सोडा. ‘जिंतूरकर’मध्ये आपण पाच अक्षरं मोजतो, जावास्क्रिप्टचं ‘लेंग्थ’ आठ सांगतं. आपल्यासारखं मोजायचं असेल तर ‘इंटल डॉट सेगमेंटर’ वापरा, त्याचं उत्तर पाचच येतं.