नाताळचा केक का बिघडतो?

आगमनकाळ सुरू झाला की पालघर, बोईसर, तारापूर परिसरातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाची लगबग सुरू होते. फुगे, नेवऱ्या, कुलकुल हे पदार्थ आई-आजीच्या हाताखाली डोळ्यांदेखत शिकता येतात. केकचे तसे नाही. बहुतेक घरांत तो वर्षातून एकदाच होतो, ओव्हनच्या दाराआड होतो आणि बिघडल्याचे कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. अंडी, लोणी, सुकामेवा सारे वाया गेल्यासारखे वाटते आणि “आमच्या हाताला केक येत नाही” असे म्हणून अनेक भगिनी पुढच्या वर्षापासून तो करण्याचे सोडून देतात. वास्तविक दोष हाताचा नसतो. प्रत्येक बिघाडाला कारण असते आणि बिघडलेल्या केककडे नीट पाहिले तर ते बहुधा ओळखता येते. नेहमीच्या काही अडचणी व त्यांवरील उपाय आम्ही येथे देत आहोत.

केक मध्यभागी खचतो

केकच्या मिश्रणातील हवेचे बुडबुडे उष्णतेने फुगतात. त्यांच्याभोवतीचे अंडे व मैदा शिजून घट्ट झाले की केकला आधार मिळतो. मधला भाग सर्वांत शेवटी शिजतो. त्यापूर्वीच ओव्हनचे दार उघडले तर उष्णता घटते आणि तो भाग खाली बसतो. म्हणून ठरलेल्या वेळेपैकी पाऊण वेळ होईपर्यंत दार उघडू नये. बेकिंग पावडर जास्त झाली तरी हेच घडते. थोडे खमीर सारे पीठ फुगवते, हे शुभवर्तमानातील दाखल्यावरून आपण जाणतोच. सव्वाशे ग्रॅम मैद्याला चहाचा एक सपाट चमचा बेकिंग पावडर पुरते.

वर भेगा पडतात, आत कच्चा राहतो

लहान ओव्हनमध्ये वरचा तापलेला रॉड भांड्याच्या अगदी जवळ येतो. वरचा थर लवकर कडक होतो आणि आतील मिश्रण त्याला फोडून वर येते. भांडे खालच्या खाचेत ठेवावे. साध्या केकला १७० ते १८० अंश सेल्सिअस, तर सुकामेव्याच्या भरगच्च केकला १५० ते १६० अंश व अधिक वेळ द्यावा. वरून रंग लवकर आल्यास अॅल्युमिनियमची फॉइल सैलसर झाकावी.

वेळ होऊनही शिजत नाही

देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झाले. तरीही ज्या घरी विजेचा दाब कमी पडतो, तेथे केकवर त्याचा परिणाम होतोच. दाब २३० व्होल्टवरून २०० वर आला तर ओव्हनच्या रॉडची शक्ती सुमारे पाऊणपटच उरते. अशा वेळी ओव्हन आधी अधिक वेळ तापवावा आणि शक्य असल्यास संध्याकाळऐवजी दुपारी केक भाजावा. घड्याळापेक्षा काडीवर विश्वास ठेवावा. मध्यभागी टोचलेली काडी कोरडी निघाली की केक झाला.

केक जड व गच्च होतो

आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत उघडा राहिलेला बेकिंग पावडरचा डबा लवकर निकामी होतो. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. जोमाने फेस आला नाही तर नवी आणावी. मैदा घातल्यावर फार वेळ फेटल्यानेही केक चिवट होतो. मैदा हलक्या हाताने, मिसळेल इतकाच ढवळावा. लोणी व अंडी फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढावीत. थंड लोण्यात हवा धरली जात नाही.

केक कोरडा होतो

येथे दोष बहुधा मापाचा असतो. अलगद भरलेल्या कपात सुमारे १२५ ग्रॅम मैदा मावतो, तर दाबून भरल्यास तो १५० ग्रॅमच्याही पुढे जातो. म्हणून तराजू वापरावा. जुना नियम सोपा आहे: अंडी फोडून तोलावीत आणि तेवढ्याच वजनाचे लोणी, साखर व मैदा घ्यावा. आपली अंडी लहान-मोठी असली तरी प्रमाण चुकत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूचा गर घालायचा असेल तर दूध व साखर थोडी कमी करावी, कारण गरात ओलावा व गोडवा असतोच.

सुकामेवा तळाशी बसतो

भिजवलेला सुकामेवा निथळून, पुसून, चमचाभर मैद्यात घोळवून शेवटी मिसळावा. मिश्रण पातळ नसावे. पातळ मिश्रण त्याचा भार पेलत नाही.

आणखी एक विनंती. सारे उपाय एकाच वेळी करू नयेत. एका वेळी एकच बदल करावा आणि काय केले, काय झाले, हे वहीत लिहून ठेवावे. नाताळपूर्वी दोन आठवडे दोन अंड्यांचा लहान केक करून पाहावा, म्हणजे फार खर्च न होता ओव्हनची सवय कळते. खचलेला पण पूर्ण शिजलेला केक टाकून देऊ नये. त्याचे तुकडे कस्टर्डमध्ये घातले की मुले आनंदाने खातात. शेजारच्या घरी पाठवलेल्या ताटात केकचा तुकडा किंचित वाकडा असला तरी तो आपल्या घरी, आपल्या हाताने झालेला असतो. बाळ येशूच्या जन्माचा आनंद वाटून घेण्यास तेवढे पुरेसे आहे.