घरातली बंदूक, कमरेची बंदूक

• 2008 : ‘हेलर’ खटला. स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला मान्य.

• 2011 : ओक्लाहोमात तान्ह्या बाळासह घरात असलेल्या आईने दार फोडून आलेल्या घुसखोराला गोळी घातली. तो ठार, तिच्यावर गुन्हा नाही.

• 2013 : इलिनॉयचा कायदा. तेव्हापासून 50ही राज्यांत घराबाहेर शस्त्र लपवून बाळगण्याची तरतूद.

• 2022 : सर्वोच्च न्यायालयाचा ‘ब्रुएन’ निकाल, 6 विरुद्ध 3. घराबाहेर शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी खास कारण दाखवण्याची न्यूयॉर्कची अट रद्द.

• समर्थक : पोलीस पोहोचेपर्यंत मुलांचे रक्षण आईबापांनीच करायचे.

• विरोधक : घरातली भरलेली बंदूक मुलांच्याच हाती लागते. 2020 पासून अमेरिकेत 1 ते 19 वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूकच.