डिस्क आठ, वाट एक

जुना संगणक मोडीत न काढता त्याचे घरातील कोठार करता येते. लग्नकार्याची छायाचित्रे, वडिलांचे हिशेब, आजीने म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, असे सारे त्यात ठेवायचे आणि घरातल्या इतर संगणकांनी व फोनांनी ते लागेल तेव्हा मागून घ्यायचे. अशा संगणकाला घरगुती सर्व्हर म्हणतात. हे कोठार हळूहळू भरत जाते. मदरबोर्डवर हार्ड डिस्क जोडण्याचे पोर्ट बहुधा चार किंवा सहा असतात आणि आपल्याला तर आठ डिस्क जोडायच्या असतात. मग जादा पोर्ट असलेले एक कार्ड आणून मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवावे लागते. बाजारात अशी कार्डे अनेक दिसतात. त्यांतले भरवशाचे कोणते, हे कसे ओळखायचे?

त्यासाठी कार्डाची खरी परीक्षा केव्हा होते ते आधी पाहू. समजा, तीन वह्यांत ७, ५ आणि ९ हे आकडे लिहिले आहेत आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज २१ लिहिली आहे. कोणतीही एक वही हरवली तरी उरलेल्या तीन वह्यांवरून तिच्यातला आकडा काढता येईल. डिस्कच्या बाबतीतही अशीच युक्ती वापरतात; फक्त तेथे साध्या बेरजेऐवजी द्विमान अंकांची एक विशेष बेरीज असते. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात अशा निरनिराळ्या रचनांची पद्धतशीर मांडणी केली आणि त्यांना ‘रेड’ हे नाव दिले.

आता लक्षात घ्या, हरवलेला आकडा काढायला उरलेल्या सगळ्या वह्या उघडाव्या लागतात. त्याचप्रमाणे आठांपैकी एक डिस्क बिघडली की उरलेल्या सात डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात आणि नव्या आठव्या डिस्कवर लिहावे लागते. हे काम पुरे होईपर्यंत आणखी एक डिस्क गेली, तर एकाच बेरजेच्या रचनेत सारेच गेले! कार्डाची परीक्षा त्या दिवशी होते.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आठही डिस्क कार्डाला जोडल्या आहेत असे धरू. प्रत्येक डिस्क ८ टेराबाइटची, म्हणजे ८०,००,००० मेगाबाइटची आहे आणि सेकंदाला सरासरी १६० मेगाबाइट वाचते किंवा लिहिते. या वेगाने संपूर्ण डिस्कला ५०,००० सेकंद, म्हणजे सुमारे १४ तास लागतील. पण सगळ्या डिस्कची माहिती कार्डातून मदरबोर्डकडे जाते ती पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या वाटेने. या वाटेत एक, दोन, चार, आठ अशा मार्गिका असतात. दुसऱ्या पिढीच्या एका मार्गिकेतून सेकंदाला जास्तीत जास्त ५०० मेगाबाइट जातात. तिसऱ्या पिढीच्या मार्गिकेतून सुमारे ९८५. कार्डाला दुसऱ्या पिढीची एकच मार्गिका असेल, तर प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ५०० भागिले ८, म्हणजे ६२.५ मेगाबाइट येतात. १४ तासांचे काम ३५ तासांवर जाते! धोक्याचा काळही तेवढाच लांबतो. आठ खोल्यांच्या चाळीला एकच अरुंद जिना असावा, तशी ही गत आहे.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. काही स्वस्त कार्डांवर पोर्ट पुष्कळ दिसतात, पण मुख्य चिपला त्यांतले थोडेच पोर्ट असतात. बाकीचे ‘पोर्ट मल्टिप्लायर’ नावाच्या चिपने वाढवलेले असतात. घरातल्या एकाच प्लगला मल्टिप्लग लावावा, तसाच हा प्रकार. एक डिस्क अडखळली की ती जोडणी पुन्हा सुरू करावी लागते आणि तिच्यावरच्या इतर चांगल्या डिस्कही क्षणभर दिसेनाशा होऊ शकतात. संगणकाला वाटते की चार-पाच डिस्क एकदम गेल्या. म्हणून कार्डावरचे पोर्ट मोजण्यापूर्वी चिपचे नाव वाचावे. एएसएम११६६ या चिपला स्वतःचे सहा पोर्ट आहेत आणि जेएमबी५८५ ला पाच. दोन्हींना तिसऱ्या पिढीच्या दोन मार्गिका आहेत. जेएमबी५७५ ही मात्र पोर्ट मल्टिप्लायर आहे. केवळ एका आकड्याचा फरक, पण काम अगदी निराळे!

आठ डिस्कसाठी मोठ्या सर्व्हरमधून निघालेली जुनी कार्डे पुष्कळजण घेतात. एलएसआय कंपनीच्या एसएएस२००८ या चिपला आठ पोर्ट आणि दुसऱ्या पिढीच्या आठ मार्गिका आहेत. म्हणजे प्रत्येक डिस्कला ५०० मेगाबाइट, गरजेच्या तिप्पट. मात्र कार्डात कोणता प्रोग्रॅम भरला आहे ते विचारावे. ‘आयआर’ प्रकारात कार्ड स्वतःच रेडची रचना करू शकते. तशी रचना केली आणि कार्ड बिघडले, तर डिस्क वाचायला तशाच जातीचे कार्ड शोधत फिरावे लागते. ‘आयटी’ प्रकारात कार्ड मध्ये काहीच करत नाही. डिस्क जशी आहे तशी संगणकाला दाखवते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या झेडएफएससारख्या प्रणालीला नेमके हेच हवे असते. रचना तीच सांभाळते, त्यामुळे कार्ड बदलले तरी माहिती शाबूत राहते.

ही कार्डे जोराच्या वाऱ्यात चालावीत म्हणून घडवलेली असतात. घरच्या शांत पेटीत ती फार तापतात आणि मग चुका होऊ लागतात. त्यांच्यावर लहान पंखा बसवावा. स्लॉटही तपासावा, लांबीने मोठा दिसणारा स्लॉट आत कधी कधी चारच मार्गिकांचा असतो. शिवाय एका टोकाची चार टोके करणाऱ्या केबली दोन जातींच्या मिळतात. दिसायला त्या सारख्या, पण चालतात एकाच दिशेने. कार्डाकडून डिस्ककडे जाणारी केबल मागून घ्यावी.

कार्ड बसवल्यावर लगेच त्यावर घरची माहिती ठेवू नका. आधी आठही डिस्क एकाच वेळी पूर्ण वाचून पाहा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंदवही ठेवते, तिच्यातील १९९ क्रमांकाची नोंद बहुधा वाटेत बिघडलेल्या माहितीची असते. वाचनाच्या आधीचा व नंतरचा आकडा ताडून पाहा. तो वाढला असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा जोडणीचा असतो.

थोडक्यात, भरवशाचे कार्ड म्हणजे पुष्कळ पोर्टांचे कार्ड नव्हे. प्रत्येक डिस्कला रुंद, सरळ वाट देणारे आणि मध्ये लुडबूड न करणारे कार्ड चांगले. तरीसुद्धा आजीच्या ओव्यांची एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. चोरी, आग किंवा आपल्याच हातून चुकून पुसले जाणे यांवर कोणत्याही कार्डाचा इलाज चालत नाही.