पिंजरा, पत्रा आणि आसन : शर्यतीच्या मोटारीतील बलाचा मार्ग

शर्यतीसाठी तयार केलेल्या मोटारीत डोकावले की प्रथम नजरेत भरतो तो पोलादी नळ्यांचा पिंजरा. गालिचे, मागचे बाक, दारांचे अस्तर हे सारे काढून टाकलेले असते आणि उघड्या पत्र्याच्या सांगाड्यात नळ्यांचे जाळे वेल्ड केलेले असते. पिंजरा बसवला म्हणजे मोटार मजबूत झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खोटे नाही. परंतु चालक पिंजऱ्यात असला तरी तो बसतो आसनावर, आणि आसन बहुधा मोटारीच्या तळपत्र्याला धरलेले असते. या पत्र्याची जाडी अनेक मोटारींत एक मिलिमीटरही नसते. म्हणून पिंजऱ्याची मजबुती चालकाच्या कामी येते की नाही, हे त्या चार बोल्टांच्या परिसरात ठरते.

येथे 'चासी' या शब्दाचा घोळ आधी दूर केला पाहिजे. मारुती जिप्सीला शिडीसारखी स्वतंत्र चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली होती. मारुती ८०० ला अशी वेगळी चासी नव्हती. तळ, खांब, छत आणि दाराखालचे पोकळ पट्टे मिळून एकच पेटी तयार होत असे आणि तीच सर्व भार वाहत असे. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारी या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. अशा पेटीचे बळ पत्र्याच्या जाडीत नसून तिच्या बंद आकारात असते. चपलांचे रिकामे खोके झाकणाविना दोन्ही हातांनी पिळून पाहावे, नंतर झाकण चिकटवून पुन्हा पिळावे. पुठ्ठा तोच, पण फरक हातालाच कळतो.

पिंजरा या पेटीला दोन प्रकारे मदत करतो. मोटार उलटली तर छत चालकावर दाबले जाऊ नये, हा त्याचा मूळ हेतू. दुसरे म्हणजे पुढच्या व मागच्या सस्पेन्शनची टोके त्याने एकमेकांना बांधली गेली, तर वळणावर बॉडीला पडणारा पीळ कमी होतो. या दुसऱ्या कामात तिरप्या नळीचे महत्त्व फार. चौकोनाचे कोपरे ढकलले की तो तिरका होतो. त्रिकोणाची एखादी बाजू लांबल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ मि.मी. व्यासाची व २.५ मि.मी. जाडीची, किंवा ५० मि.मी. व्यासाची व २ मि.मी. जाडीची बिनजोड पोलादी नळी सांगितली आहे. पिंजऱ्याचा पाय जिथे बॉडीवर टेकतो तिथे किमान ३ मि.मी. जाडीची आणि १२० चौ. सें.मी. क्षेत्रफळाची पट्टी लागते. नळीइतकीच काळजी तिच्या पायाखालच्या पत्र्याची घेतली आहे, ती उगीच नव्हे.

आसनाच्या बाबतीत हाच विचार अधिक स्पष्ट दिसतो. जुने चार बोल्ट लहान वाटले की मोठे बोल्ट घालावेत, असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो. तो कितपत खरा, हे साध्या हिशेबाने तपासता येते. ८.८ प्रतीचा ८ मि.मी. चा बोल्ट ताणून तोडायला सुमारे २९ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ तीन टन बल लागते. आता त्याखाली १६ मि.मी. व्यासाचा वायसर आणि ०.८ मि.मी. चा पत्रा आहे असे धरू. वायसराचा परीघ सुमारे ५० मि.मी.; त्या रेषेवर पत्रा कातरला जाईल. पत्र्याची कातर-शक्ती प्रति चौ. मि.मी. २५० न्यूटन धरली, तर सुमारे १० किलोन्यूटनला, म्हणजे एका टनाला, वायसर पत्र्यातून आरपार निघेल. बोल्ट मात्र जशाच्या तसा राहील! एफआयएच्या नियमात प्रत्येक बोल्टाजवळ आधारपट्टी, तळपत्रा व मागची पट्टी यांचा किमान ४० चौ. सें.मी. संपर्क मागितला आहे. पोलादी पट्टीची जाडी किमान ३ मि.मी. हवी, हलक्या मिश्रधातूची असेल तर ५ मि.मी. ४० चौ. सें.मी. च्या चौरसाचा परीघ सुमारे २५३ मि.मी. भरतो. त्याच हिशेबाने पत्रा आता पाच टनांपर्यंत तग धरतो. बोल्ट तोच, पत्रा तोच. बदलली ती फक्त बल पसरण्याची जागा.

हा हिशेब सरळ ओढीचा झाला. प्रत्यक्षात पत्रा आधी वाकतो, मग सोलल्यासारखा फाटतो, आणि चारही बोल्टांवर भार कधीच सारखा येत नाही. बाजूने धडक बसली तर काय होते ते पाहावे. चालक व आसन मिळून ८५ किलो, धक्का गुरुत्वाच्या वीसपट, तर आडवे बल १,७०० किलो. त्याचा मध्य तळापासून २५ सें.मी. उंच आणि बोल्टांच्या दोन रांगांतील अंतर ४० सें.मी. असेल, तर एका रांगेला वर उपटणारे बल हजार किलोंच्या पुढे जाते. ते दोनच बोल्टांत विभागले जाते. धक्का चाळीसपट झाला की नुसत्या वायसराची मर्यादा ओलांडली गेली. आधारपट्ट्या उंच घेतल्या की ही तरफ वाढते. म्हणून आसन खाली बसवणे ही केवळ वेगाची हौस नाही.

समोरून धडक बसल्यास चालकाला मुख्यतः पट्टे धरतात, मागून बसल्यास सारा भार आसनाच्या पाठीवर येतो. पट्टे आसनाला किंवा त्याच्या आधाराला बांधण्यास नियमाने मनाई आहे. ते बॉडीला अथवा पिंजऱ्याला बांधावे लागतात. आता पट्टे पिंजऱ्याला घट्ट, आणि आसनाखालचा तळ मात्र फाटून सरकला, तर पट्टे एकीकडे ओढतात आणि आसन दुसरीकडे जाते. घोडेस्वारीत हे जुनेच ठाऊक होते. 'खोगीर' आणि 'तंग' हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत एकत्रच नांदत आले आहेत. खोगीर कितीही उत्तम असले, तरी तंग सैल असला की स्वार पडतोच.

बाजूच्या धडकेचे गांभीर्य १८ सप्टेंबर २००५ रोजी वेल्स रॅलीत दिसून आले. एस्टोनियाचा मार्को मार्टिन चालवत असलेली प्यूजो ३०७ झाडावर आदळली. धडक सहचालकाच्या बाजूला बसली आणि सहचालक मायकेल पार्क मृत्यू पावला. मार्टिनला गंभीर इजा झाली नाही. मोटारीला पिंजरा होताच. दार आणि शरीर यांच्यात अंतरच थोडे असल्यामुळे बाजूच्या धडकेत पिंजऱ्याला आत दबायला जागा नसते. पुढे आलेल्या ८८६२-२००९ या मानकात आसनाच्या डोक्याकडील व खांद्याकडील बाजू अधिक कणखर मागितल्या गेल्या. त्या दर्जाच्या आसनाबरोबर मान्यताप्राप्त आधारपट्ट्याच वापराव्या लागतात. आसन व त्याची जोडणी ही एकच वस्तू मानली गेली, हा त्यातील खरा बदल.

हौशी बांधणीत घडणारी सर्वांत वाईट गोष्ट मात्र वेगळीच आहे. आसन खाली नेण्यासाठी कारखान्याने दिलेली आडवी पेटी-तुळई कापून टाकतात. ही तुळई दाराखालच्या पट्ट्यापासून मधल्या बोगद्यापर्यंत जाते, म्हणजे बाजूच्या धडकेला अडवणारा तळातला आडवा टेकू तीच असते. ती कापली तर तिच्या जागी दोन्ही टोकांना नीट जोडलेली नळी हवी, आणि आसन त्या नळीवर हवे. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या जुन्या बॉडीत आणखी एक तपासणी आवश्यक ठरते. दाराखालचे पट्टे आतून गंजतात, वरून रंग शाबूत असतो. गंजलेल्या पत्र्यावर केलेले वेल्डिंग दिसायला पूर्ण असते, पण धरून ठेवायला खाली काही उरलेले नसते.

इंदूरजवळच्या पिथमपूरला भरत आलेल्या बाहा स्पर्धेमुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नळ्यांचा सांगाडा परिचयाचा झाला. तिथल्या गाडीत पत्र्याची बॉडीच नसते. आसन थेट नळ्यांवर येते, त्यामुळे बलाचा मार्ग डोळ्यांना दिसतो. पत्र्याच्या मोटारीत तो झाकलेला असतो. वर्गात तो दाखवायचा तर पातळ पुठ्ठ्याचा एक तुकडा, एक स्क्रू, एक लहान वायसर आणि पत्त्याएवढी एक पत्र्याची पट्टी पुरते. आधी वायसर लावून स्क्रू ओढावा, नंतर पट्टी लावून. दोन्ही वेळा पुठ्ठा कुठून फाटू लागतो, ते विद्यार्थ्यांना पेन्सिलीने आखायला सांगावे.