सुरतेहून रानाकडे

सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. दिवाळीची सुटी जवळ आली की त्यांतील तरुण मंडळी आठ-दहा जणांचा जथा जमवून कोठेतरी दूर रानात जाण्याचे बेत करू लागतात. हे बेत बहुधा चहाच्या दुकानात ठरतात आणि त्यांत पहिला प्रश्न असतो तो, सर्वांत दुर्गम ठिकाण कोणते, हा. प्रश्न गैर नव्हे; परंतु त्याची जागा दुसरी आहे. पहिला प्रश्न असा असावयास हवा की, जथ्यातील एखाद्याचा पाय मोडला तर त्याला दवाखान्यापर्यंत नेण्यास किती वेळ लागेल?

ही कसोटी लावली म्हणजे सुरतेच्या आवाक्यातील रानांचे स्वभाव निरनिराळे दिसू लागतात.

त्यांत सर्वांत परिचयाचे डांग. सह्याद्रीच्या उत्तर टोकाचे हे सागवान व बांबूचे अरण्य. येथील इमारती लाकडासाठी इंग्रज सरकारने १८४२ साली भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले. त्या राजांच्या वंशजांना होळीच्या सुमारास आहव्यास भरणाऱ्या दरबारात आजही सालिना दिला जातो. १९६० साली डांग गुजरातेत गेला. तरी तेथील बोली खानदेशी माणसाच्या कानाला फारशी परकी वाटत नाही, आणि वाट विचारताना ही गोष्ट नकाशापेक्षाही उपयोगी पडते. पूर्णा नदीकाठी महाल येथे वनखात्याचे मुक्कामाचे ठिकाण आहे. पावसाळ्यात डांगचे रूप अप्रतिम असते आणि तेव्हाच तेथे धोका अधिक. वरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, आणि खाली कोरड्या आभाळाखाली खापरी, गिरा किंवा पूर्णा पाहता पाहता चढते. नदीपात्रात चूल मांडून बसलेल्यांना ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

नर्मदेच्या दक्षिणेस राजपीपळ्याच्या डोंगरांत शूलपाणेश्वराचे अभयारण्य आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे या झाडीचे नाव पूर्वी भीतीनेच घेत, कारण तेथे लुटले जाणे ठरलेलेच असे. जुने मंदिर सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले. १९८२ साली येथील जंगल राखले गेले ते अस्वलांसाठी. अस्वलाची नजर अधू असते. माणूस एकाएकी समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात तेव्हा पहाटे त्याच झाडाखाली गावकरीही येतात आणि अस्वलही येते. त्या दिवसांत नवख्यांनी येथे पहाटे किंवा तिन्हीसांजेला पायी हिंडू नये, आणि चालताना मोठ्याने बोलत राहावे. शांतता अनुभवण्यासाठी गेलेल्यांना हे रुचणार नाही, पण इलाज नाही.

अधिक कणखर जथ्यासाठी सातपुडा आहे. सुरतेहून भुसावळच्या मार्गाने नंदुरबारला उतरावे, तळोद्याहून अक्राणीच्या डोंगरांकडे वळावे. अश्वत्थाम्याच्या नावाने ओळखला जाणारा अस्तंभा डोंगर तेथेच आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास त्याच्या यात्रेला महाराष्ट्र व गुजरात या दोन्हीकडचे भाविक चढतात. तेव्हा सोबत मिळते, एकांत मात्र मिळत नाही. एरवी एकांत मिळतो, पण मग पाणी स्वतःच्या पाठीवरून न्यावे लागते. यांपैकी काय हवे हे घरीच ठरवलेले बरे.

कच्छचे छोटे रण या सर्वांहून वेगळे. तेथे झाड नाही, डोंगर नाही, दिशा दाखविणारी खूण नाही. रानगाढवांसाठी १९७३ साली ते अभयारण्य झाले. १९६९ च्या मोजणीत ती अवघी ३६२ भरली होती, ती आज हजारोंनी आहेत. पावसाळ्यात रण पाण्याखाली जाते. पाणी ओसरल्यावरही कोरड्या दिसणाऱ्या पापुद्र्याखाली चिखल असतो, त्यात वाहन रुतते. मीठ पिकविणाऱ्या अगरियांना कोणती वाट धरावी हे ठाऊक असते. अशा माणसाला रीतसर मजुरी देऊन बरोबर घ्यावे. नुसती विचारपूस करून पुढे निघू नये.

डांग असो की सातपुडा, रात्री जमिनीवर अंथरूण टाकू नये. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. झोपलेल्या माणसाला काय झाले हे सकाळपर्यंत कळत नाही. बाज आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा साधा उपाय. सर्पविषावरील लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

पहिल्याच खेपेस जाणाऱ्यांनी दिवाळीनंतर महाल निवडावे, वनखात्याची परवानगी आधी घ्यावी, आणि दोन रात्रींहून अधिक राहू नये. सातपुडा पुढच्या वर्षीही तेथेच असेल. मात्र जावयाचे कोठेही असो, कोण कोण गेले, कोणत्या वाटेने गेले आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत परततील, हे कागदावर लिहून तो कागद घरी ठेवावा. वेळ टळली तर घरच्यांनी कोणाला कळवावयाचे, तेही त्यावर असावे. दरीत शिरल्यावर खिशातला फोन बहुधा मुका होतो.