काट्याची साक्ष

एका वाचकांचे पत्र समोर आहे. ऐन वैशाखात, पाच माणसे आणि सामानसुमान घेऊन नाशिकच्या वाटेवर कसारा घाट चढत असताना त्यांच्या गाडीतील तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. गाडी बाजूला घ्यावी असे त्यांच्या मनात येते न येते तोच तो आपण होऊन झरझर खाली उतरला. अरिष्ट टळले अशा समजुतीने ते तसेच पुढे गेले, आणि घाटमाथ्यापाशी इंजिन सीझ झाले. काटा असा खोटा कसा ठरला, हा त्यांचा प्रश्न आहे.

काटा खोटा ठरलेला नाही. तो इंजिनाचे तापमान सांगतो, हा आपला समजच मुळात सैल आहे. सिलिंडर हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या शेजारी आट्यांनी बसवलेला, बोटाच्या पेराएवढा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, आणि जे त्याच्या अंगाला लागते त्याच्यापुरतीच त्याची साक्ष असते. होजपाइप फाटून किंवा पंपाच्या सीलमधून गळून कूलंट इतके ओसरले की सेन्सर उघडा पडला, म्हणजे त्याच्याभोवती केवळ हवा आणि वाफ उरते. वायूकडून धातूला उष्णता द्रवाच्या मानाने फार मंद गतीने पोचत असल्यामुळे इकडे हेडचे ॲल्युमिनियम वाकण्याच्या बेतात आलेले असताना तिकडे काटा निवांत खाली येतो. चढलेला काटा चढावावरच एकाएकी पडणे, हा म्हणूनच सर्वांत गंभीर इशारा होय.

या सेन्सरच्या पोटातील चिमुकल्या मण्याला मोठी वंशपरंपरा आहे. धातू तापला की विजेला अधिक विरोध करतो. हा मणी तापला की त्याचा विरोध घटतो. ही उफराटी रीत प्रथम ध्यानात आली ती 1833 साली मायकेल फॅरडेच्या. रौप्य सल्फाइडाचा तुकडा बॅटरीच्या मंडलात ठेवून त्याखाली दिवा धरताच वीज अधिक सुलभपणे वाहू लागते आणि दिवा काढताच ती पुन्हा मंदावते, हे त्याने पाहिले आणि निगुतीने नमूद करून ठेवले. विद्युतजनित्राच्या जनकाला आपण उचित मान देतो. परंतु अर्धवाहकांच्या इतिहासाचे पहिले पानही याच बुकबाइंडराच्या उमेदवाराने लिहिले, याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. त्या वर्तनाची उपपत्ती ॲलन विल्सनने पुंजयामिकीच्या आधारे मांडली ती 1931 मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी.

हा उलटा स्वभावच तपासाला उपयोगी पडतो. जुन्या गाडीत सेन्सरची तार काढली की काटा थंड टोकाला जावा आणि तीच तार क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली की गरम टोकाला. तसे घडले तर काटा निर्दोष, संशय सेन्सरवर. नव्या गाड्यांत मात्र काटा संगणकाच्या हुकमाने चालतो, आणि पुष्कळ गाड्यांत 80 पासून 105 अंशांपर्यंत तो जाणूनबुजून मध्यावरच स्थिर धरलेला असतो. मालकाला उगाच धास्ती वाटू नये हा त्यामागचा हेतू मला समजतो, पण पटत नाही. अशा गाडीत खरा आकडा स्कॅनर लावूनच पाहावा.

काटा खरा असेल तर गाडी केव्हा तापते ते आधी पाहावे. सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा. घाटात तापते, तर चोंदलेला रेडिएटर किंवा झिजलेला पंप. वरचा होज कढत आणि खालचा गार, तर बहुधा थर्मोस्टॅट. आणि येथे एका वहिवाटीविषयी मनापासून खेद वाटतो. गाडी तापते म्हटले की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकायचा, असे आपल्याकडील कित्येक गॅरेजांत चालते. त्यायोगे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचते, पेट्रोल अधिक जळते आणि मूळ दोष झाकला जातो. वस्तुतः त्याची परीक्षा पातेल्यात होते. व्हॉल्व्ह दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडावा, शेजारी शंभर अंशांचा थर्मामीटर धरावा. व्हॉल्व्हवर कोरलेला आकडा, बहुधा 82 किंवा 88, जवळ आला की आतले मेण वितळून फुगते, दांड्याला रेटते, आणि चकती बैठकीवरून प्रथम केसभर, मग अर्ध्या बोटाइतकी उचलली जाते. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी तितक्याच कौतुकाने.

घाटात काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, कारण तोही एक छोटा रेडिएटरच आहे; जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र अर्धा तास तरी उघडू नये. आत साधारण एक वातावरणाइतका जादा दाब असतो, त्यामुळे कूलंट 120 अंशांनाही उकळलेले नसते; झाकण फिरताच दाब जातो, त्यातला काही भाग एका क्षणात वाफ होतो आणि उकळता ऐवज उसळून तोंडावर येतो.

पत्राच्या अखेरीस वाचकांनी सहज एक गोष्ट लिहिली आहे: निघण्यापूर्वी आठवडाभर, रोज सकाळी, गाडीखालच्या फरशीवर रुपयाएवढा हिरवट ओला डाग दिसत असे, आणि एसीचे पाणी समजून ते तो पुसून टाकीत.