अहिल्यानगरचे उच्च शिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकोले तालुक्याच्या डोंगरदऱ्यांपासून जामखेडच्या माळरानापर्यंत पसरलेला अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुक्यांच्या या जिल्ह्यात उच्च शिक्षणाच्या मागण्या तळमळीने होतात, पण बऱ्याचदा चुकीच्या दारी जातात. निर्णय कुठे आणि कसा होतो, याविषयीचे गैरसमज हे त्याचे मुख्य कारण आहे.

गैरसमज : महाविद्यालय मिळते ते पुढाऱ्याच्या वजनावर.
वस्तुस्थिती : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. उच्च शिक्षणाची सोय नसलेल्या आणि मागास भागांच्या गरजा त्यात विचारात घ्याव्या लागतात. नवे महाविद्यालय हवे असेल, तर ते ठिकाण या आराखड्यात असावे लागते. शेवटची परवानगी शासनाचीच, मग आराखडा कागदावरच राहणार, असा आक्षेप घेतला जातो. परवानगी शासन देते हे खरे. पण अर्जाची वाट आराखड्यातूनच जाते. म्हणून गावाने आपली गरज मांडायची ती आराखडा तयार होत असताना. परवानगीच्या हंगामात निवेदने देईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

गैरसमज : जिल्ह्याला विद्यापीठ नाही, ते मिळाले की सारे प्रश्न सुटतील.
वस्तुस्थिती : राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचे आहे. मात्र ते कृषी शिक्षणापुरते. कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला, तर वैद्यकीय महाविद्यालये सहसा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली असतात. म्हणजे स्वतंत्र विद्यापीठ आले तरी सगळे एका छताखाली येणार नाही. सोलापूरला २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ मिळाले, मग आम्हाला का नको, हा प्रश्न रास्त आहे. अहिल्यानगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. कार्यालय जवळ आले तर विद्यार्थ्याचे हेलपाटे नक्की वाचतील. पण संलग्नता बदलल्याने वर्गातली प्राध्यापकाची रिकामी जागा भरत नाही.

गैरसमज : शिक्षण संस्थांची महाविद्यालये खासगी, शासनाचा त्यांच्याशी संबंध नाही.
वस्तुस्थिती : इथले उच्च शिक्षण मुख्यतः संस्थांनीच उभे केले. रयत शिक्षण संस्थेची कोपरगाव, श्रीरामपूर, कर्जतची महाविद्यालये त्याची साक्ष आहेत. संगमनेर महाविद्यालयाच्या पूर्ण नावात तर आजही ‘नगरपालिका’ हा शब्द आहे. अनुदानित महाविद्यालयांतल्या मंजूर पदांचे पगार शासन देते. विनाअनुदानित ठिकाणी तो भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर पडतो. शेतकऱ्याच्या मुलीला पदवी परवडेल की नाही, हे फलकावरच्या नावापेक्षा या फरकावर जास्त ठरते.

२०२१–२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचे सकल नोंदणी प्रमाण (महाविद्यालयीन वयाच्या तरुणांच्या संख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणात नोंदलेल्यांचे प्रमाण) ३५.३ टक्के होते, देशाचे २८.४. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे २०३५ चे लक्ष्य आहे ५० टक्के. नुसत्या इमारती वाढवून ते गाठता येणार नाही. त्यासाठी पायाभूत तीन गोष्टी लागतात : योग्य ठिकाण, अनुदान आणि भरलेली पदे. ठिकाण आराखड्यात ठरते, पैसा आणि पदे मंत्रालयात. पुढचा आराखडा होईल तेव्हा ग्रामसभांनी, पालकांनी आणि प्राध्यापकांनी आपल्या तालुक्याची गरज विद्यापीठाकडे लेखी मांडावी, आणि अनुदान व पदांची मागणी मंत्रालयाकडे पाठवावी.